छप्पनियाचं पान

श्री

सोलापूर,
ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८५१

स्वामींच्या पायांशी बजाचा दंडवत. इकडं आत्याबाई, विजयमाला आणि मी सुखरूप आहोत. आपल्या प्रकृतीचं पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहीत जावं. मागच्या पत्रात ते अगदी शेवटच्या पानावर होतं. तिथवर पोचेपर्यंत आत्याबाई सारख्या विचारत होत्या, "पोरगं बरं हाय न्हवं?" आणि विजू सारखी सांगत होती, "आजी, अजून समुद्रच चालू आहे."

मृग कोरडा गेला. आर्द्राही तशाच चालल्यात. ढग येतात, दुपारभर उकडून सोडतात आणि अक्कलकोटच्या बाजूला निघून जातात. नळ दिवसाआड येतो, तोही करंगळीएवढा. आत्याबाईंचा गुडघा सुजला होता, एरंडाचं पान बांधल्यावर उतरला. विजू सहावीत दुसरी आली. पहिली आली ती मास्तरांची पुतणी, म्हणून विजूनं तोंड फुगवलं होतं. दुसऱ्याचा हेवा करू नये, असं मी तिला समजावलं.

आता तुमच्या पत्राविषयी.

इथली शाळा सोडून बडोदे सरकारच्या चाकरीत गेलात, द्वारकेच्याही पुढं, जमीन संपते तिथं. नव्या बंदराच्या कचेरीत जमाखर्च लिहाल अशी माझी समजूत होती. पण साहेबांनी भलतंच काम दिलेलं दिसतं. त्या किनाऱ्यावर कोणकोणत्या साली दुष्काळ पडला आणि कोणकोणत्या साली समुद्रातून वादळ चढून आलं, हे जुन्या माणसांच्या तोंडून ऐकून त्याचा इतिहास लिहायचा. काम मानाचं आहे. मास्तराशिवाय ते कुणाला जमलं असतं? पण जुन्या माणसांच्या तोंडून म्हणजे एकाच माणसाच्या तोंडून, असं साहेबांनी सांगितलंय का?

मोंघीबेन असं म्हणाली. मोंघीबेननं तसं दाखवलं. ज्या घरात बिऱ्हाड केलंत त्या घराची ही मालकीण, गलबतावरच्या तांडेलाची विधवा, एवढं पहिल्या पत्रात होतं. दुसऱ्या पत्रात कळलं की मोंघी म्हणजे महाग, जीव लावलेली. मी अर्थ विचारला नव्हता. आता कळतंय की वादळाला ते लोक वावाझोडं म्हणतात, ते येण्याआधी समुद्राचा वास बदलतो, पाखरं जमिनीकडं पळतात. हे सगळं ती बाई संध्याकाळी ओट्यावर बसून सांगते आणि तुम्ही लिहून घेता. सांगतासांगता ती थांबते, समुद्राकडं बघत राहते. तेव्हा तुम्हीही लेखणी खाली ठेवता.

हे मला कशाला लिहिलंत?

माझ्यापुढं तुम्ही कधी लेखणी खाली ठेवल्याचं मला आठवत नाही. मी काही सांगायला लागले की "हं" म्हणायचं आणि पोरांची पुढची वही ओढायची. तिच्या हातचा बाजरीचा रोटला तुम्हाला गोड लागतो, तेही वाचलं. आमच्या ज्वारीच्या भाकरीनं कधी पोट दुखलं होतं का?

शेजारच्या सुंदरम्मानं विचारलं, "काय लिहितात मास्तर?" मी थोडं सांगितलं. ती मागावरनं मान वर न करता म्हणाली, "वय काय तिचं?"

"लिहिलं नाही."

"मग तरणीच असंल की."

तिच्या मराठीला तेलुगू वळण आहे, पण बोलणं सरळ असतं. तेव्हापासून माझ्या हातून दोनदा भाकरी करपली.

तर त्या बाईचं वय काय, तेवढं कळवावं. आत्याबाई विचारत होत्या.

आपली,
बजा


श्री

सोलापूर,
भाद्रपद शुद्ध दशमी

पायांशी दंडवत. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. पाऊस त्यांच्याबरोबर येईल असं सगळे म्हणत होते, पण त्या कोरड्या पायांनीच आल्या. ज्वारी पेरायची का नाही, या विचारात आपल्या गावाकडची माणसं आभाळाकडं बघत बसलीत.

मोंघीबेन साठीच्या पुढची आहे आणि तिच्या तोंडात चार दात राहिलेत, हे तुमच्या पत्रातनं कळलं. "आईला सांग, काळजी नको," असं लिहिलंत. विचारणारी कोण होती ते तुम्ही ओळखलंत, हे मला त्या ओळीवरून कळलं. सुंदरम्माला सांगितलं तर ती माग थांबवून हसली. मीही हसले. त्या दिवशी पुरण छान जमलं.

पण ते टिकलं नाही हो. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच सुरू झालं, उलट वाढलंच. ती तरणी असती तर बरं झालं असतं, असं वाटायला लागलं. तरणीबरोबर भांडता येतं. आत्याबाईंना पुढं घालून तुम्हाला परत बोलावता आलं असतं. पण म्हाताऱ्या, दात पडलेल्या बाईचा मला लई हेवा वाटतो, हे कुणाला सांगू? ("लई" खोडून "फार" लिहायचं असतं, हे मला माहीत आहे. इथं लईच पाहिजे.) आणि सांगायचं तरी काय? की माझा नवरा तिचं ऐकून घेतो?

विजूला साफ अक्षरात उतरवायला पाठवलेली पानं पोचली. ती शाळेतून आली की उंबऱ्यात बसून लिहिते, आणि आत्याबाईंसाठी मोठ्यानं वाचते. त्यामुळं सगळं माझ्याही कानावर पडतं, चुलीपाशी. समुद्र खाडीत शिरला आणि ओसरल्यावर गलबतं बाभळीच्या बनात सापडली, ते साल. मोंघीबेनचा नवरा झांजिबारहून परत येताना अगदी घराच्या टप्प्यात आला आणि वादळानं गाठला, ते साल. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बायकांना डोलकाठी दिसत होती. मग दिसेनाशी झाली. तिथं आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. मीही लावला, खोटं कशाला बोलू? तुम्ही लिहिलंयच तसं.

मग दुष्काळांची पानं आली. विहिरी खाऱ्या झाल्या, समोर नजर पोचेल तिथवर पाणी आणि घागरीत प्यायला घोट नाही. आमच्याकडं निदान पाणी दाखवून कुणी तरसवत नाही. त्यात सगळ्यांत वाईट तो त्यांचा छप्पनियो, संवत छप्पनचा दुष्काळ. विजू हिशेबात हुशार. बोटांवर मोजून म्हणाली, "म्हणजे आपले शके अठराशे एकवीस. आई, तू तेव्हा केवढी होतीस?"

"असेन सात वर्षांची."

"मग तुला आठवत असेल की!"

"मला काय आठवणार? मी मामाकडं होते, कानडी मुलखात. तिकडं थोडं पिकलं होतं."

आत्याबाई म्हणाल्या, "आमाला आटवतंय की. पाला उकडून खाल्लाय. तुजा बाप धा-बारा वरसांचा, पर माज्या मांडीवर मावायचा, नुसता सापळा." विजू त्यांच्याकडं सरकून बसली, आणि माझी सुटका झाली.

पण पुढच्या पानावर तुमची ती ओळ आली. "आया आपली लेकरं परक्यांच्या दारात सोडून जात. पोटाच्या आगीपुढं आईची मायाही आटून जाते, याचं याहून ढळढळीत प्रमाण कोणतं?" विजूला ती ओळ इतकी आवडली की तिनं ती टपोऱ्या अक्षरात काढली.

साफ उतरवलेली पानं आजच्या टपालानं पाठवली. तुमची मूळ पानं, सांगितल्याप्रमाणं, फडताळात जपून ठेवलीत. मात्र ते एक पान मी पाठवलेलं नाही. तुमचं मूळचंही आणि विजूनं काढलेलंही, दोन्ही माझ्याजवळ आहेत. त्या ओळीतले शब्द मोंघीबेनचे आहेत की तुमचे, ते कळवावं. तुमचे असतील तर काढून टाकावेत. मग पान पाठवीन.

कारण विचारू नये.

आपली,
बजा


श्री

सोलापूर,
कार्तिक शुद्ध नवमी

दंडवत.

हे पत्र कुठं पोचेल, कुणाच्या हातात पडेल, मला माहीत नाही. काल दुकानदार सिद्धाप्पांनी वर्तमानपत्र वाचता वाचता मला हाक मारली. "बजाबाई, मास्तर काठेवाडाकडंच आहेत न्हवं?" म्हणाले. त्यांचा आवाज ऐकूनच माझ्या हातातली तेलाची बाटली सुटली. तिकडच्या किनाऱ्याला तुफान लागलं, घरं पडली, तारा तुटल्या, एवढंच छापलंय. गावाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. सुंदरम्माचा नवरा विजूला घेऊन तार ऑफिसात गेला. तार घेतली, पण पुढं जाईल तेव्हा जाईल म्हणाले.

इथं आभाळ भरलंय. वारा सुटलाय, धूळ उडतीय, थेंब नाही. आत्याबाई दारात बसून म्हणतात, "त्याच वादळाची शेपटी ही. माज्या लेकाला झोडून आलीया आन् हितं नुसती फिरतीया." जेवत नाहीत.

मी तुमच्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही. राग होता. ते शब्द तुमचेच आहेत आणि खरे आहेत, मोंघीबेननं फक्त हकीकत सांगितली, असं तुम्ही लिहिलंत. पुढं लिहिलंत, "तू मामाकडं सुखात वाढलीस, तुला या गोष्टींची कल्पना नाही. शहाणपणा न करता पान पाठव." मी पत्र घडी करून ठेवून दिलं आणि बोलायचं नाही असं ठरवलं. चारशे कोसांवरच्या माणसाशी अबोला धरला. त्याला तो कळला तरी असेल का? आणि आता वादळ आलं.

तुम्ही तिच्या घरात होता का? ती बाई आयुष्यभर वादळं बघून शहाणी झालीय. समुद्राचा वास बदलल्याचं तिला आधी कळलं असेल, तिनं तुम्हाला वेळेवर उठवलं असेल. मी देवापुढं बसते, पण मनात भरवसा धरते तो तिचा. आणि तोच मला सलतो. वाऱ्यात दार दाबून कुणी धरलं? तुम्ही आणि तिनं. छप्पर गेलं असेल तर एका कोपऱ्यात कोण बसलं? तुम्ही आणि ती. अशा वेळी मला तिथं असायला पाहिजे होतं. तुमच्या शेजारी. मरायचं झालं तरी.

जिवंत असाल तर एक ओळ लिहा. दुसरं काही नको. हवी तर ती ओळ मोंघीबेनची असू दे.

बजा


श्री

सोलापूर,
कार्तिक वद्य द्वादशी

पायांवर डोकं ठेवून दंडवत.

पत्र मिळालं. पहिल्याच ओळीत "मी सुखरूप आहे" असं वाचलं आणि मी तिथंच, टपालवाल्यासमोर, खाली बसले. विजूनं पुढचं वाचून दाखवलं. आत्याबाईंनी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

सगळं कळलं. मोंघीबेननं दुपारीच कुलूप लावायला लावलं आणि टेकावरच्या देवळात चला म्हणून हट्ट धरला. तुम्ही पानं आवरत बसलात, तोवर पाणी गल्लीत शिरलं. मग तिला पाठीवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून गेलात. घर गेलं, पानं गेली, माणसं राहिली. तिला पाठीवर घेतलंत ते फार चांगलं केलंत. वाचताना माझा जीव गोळा झाला, आणि त्या गोळ्यात थोडा हेवाही होता. तो काढून टाकून लिहिता येत नाही मला.

इतिहास आता फक्त आमच्या फडताळात उरलाय, म्हणून विजूनं सगळं पुन्हा उतरवून पाठवावं असं तुम्ही लिहिलंत. तिनं ते काम केलं आहे. सोबत पाठवलं आहे. "ते पानही पाठव," असं लिहिलंत, तेही पाठवलं आहे. त्यातली ती ओळ मी माझ्या हातानं खोडली आहे. का खोडली, ते आता सांगते. तुम्ही नसतात तर कुणाला सांगितलं असतं, हा विचार त्या वाऱ्यात माझ्या मनात आला होता.

मी मामाकडं नव्हते.

शके एकवीसला आमच्या गावात पेरलेलं वर आलंच नाही. बैल आधी मेले. माझे वडील कोंडीबा, तुम्ही त्यांना पाहिलंय, किती ताठ चालायचे. आम्हाला घेऊन चालत सोलापूरच्या बाजूला खडीच्या कामावर आले. आई, वडील, मी आणि धाकटी. होय, मला एक धाकटी बहीण होती. आईच्या अंगावर पीत होती, आईला दूध नव्हतं तरी पीत होती. मी पाटीतून खडी वाहायची. मग मला ताप भरला आणि पाटी उचलेना. काम नाही त्याला दाणे नाहीत. आईबाप आपल्यातलं मला देत होते, आणि आईचा हात काठीसारखा झाला होता.

एका सकाळी आईनं माझी वेणी घातली. तेल नव्हतं, पाण्याचा हात लावून घातली. मला वाटलं सण आहे. मला घेऊन ती शहरात आली, मिशनच्या अनाथघराच्या फाटकाशी. म्हणाली, "हितं बस. आत बोलावतील तवा जा. इचारलं तर सांग, आईबाप न्हाईत."

मी म्हटलं, "तू हायस की."

"व्हय," ती म्हणाली. "पर सांगू नगंस."

धाकटी तिच्या खांद्यावर होती. आईनं मागं वळून बघितलं नाही. धाकटी बघत होती, वळणापर्यंत.

तिथं मी वर्षाहून जास्त राहिले. त्यांनी मला वाईट वागवलं नाही. कांजी दिली, औषध दिलं, मी बरी झाले. पण रोज फाटकाकडं तोंड करून बसायची आणि धाकटीचा हेवा करायची. तिला आई मिळाली, मला फाटक मिळालं. तिला ठेवली, मला टाकली. सात वर्षांच्या पोरीला एवढंच कळत होतं. हेवा म्हणजे काय ते मी तुमच्या मोंघीबेनकडून शिकले नाही. ते मला जुनं ठाऊक आहे.

पुढच्या वर्षी पीक आल्यावर वडील मला न्यायला आले. एकटेच आले. मी विचारलं, धाकटी कुठं आहे? ते म्हणाले, "चल घरला." कामावर पटकी आली होती. मला सोडून आई परत गेली, त्यानंतर लवकरच.

घरी आईनं मला दारात बघितलं, पोटाशी धरलं, आणि माझ्या डोक्यावरून मागं रस्त्याकडं बघत राहिली. जणू आणखी कुणी यायचं होतं. पुढं मरेपर्यंत तिनं धाकटीचं नाव घेतलं नाही, मला घेऊ दिलं नाही. मिशनचं अन्न खाल्लेल्या पोरीला कोण करून घेणार, म्हणून गावाला सांगितलं, मामाकडं होती. तेच तुम्हाला सांगितलं. वर्षभर कानडी मुलखात राहून एक कानडी शब्द येत नाही, म्हणून तुम्ही माझी चेष्टा करायचात. मी हसायची. दुसरं काय करणार?

आणखी एक. लग्नानंतर तुम्ही मला लिहायला शिकवलंत. पाटी आणलीत, माझा हात हातात धरून "ब" काढायला लावलात. बजाचा ब. मित्रांना अभिमानानं सांगितलंत की अडाणी बायकोला मी साक्षर केली. मला "ब" येत होता. सगळी अक्षरं येत होती, अनाथघरातल्या बाईंनी शिकवली होती. मी मुद्दाम वाकडी काढली. एक तर सांगायची सोय नव्हती. आणि दुसरं म्हणजे, तुम्ही धरलेला हात मला सोडवून घ्यायचा नव्हता.

आता ती ओळ. माझ्या आईची माया आटली नव्हती. जिला तिनं परक्याच्या दारात सोडलं ती जगली, विजूची आई झाली, तुम्हाला हे पत्र लिहितेय. जिला तिनं पोटाशी धरलं ती गेली. हे आईला कळलं होतं. ते घेऊन ती जन्मभर जगली. तुमच्या इतिहासात तिच्याविषयी काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, पण ती ओळ मी लिहू देणार नाही.

हे पत्र टपालात टाकण्याआधी मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. तुम्हाला कळायच्या आत त्यांना कळावं असं वाटलं, कारण त्या माझ्या हातचं खातात. त्या गहू निवडत होत्या. मी बोलत होते तोवर त्यांनी सूप हलवलं नाही. मग विचारलं, "त्या लोकांनी तुला देवबिव बदलाया लावला व्हता का?"

"नाही. प्रार्थनेला बसवायचे."

"मग बसलीस?"

"बसले."

"काय मागितलंस?"

"आई मागितली."

आत्याबाईंनी गव्हातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाल्या, "एवढी वरसं तुज्या हातचं खाल्लंय मी. आता कुटं बाटतंय हे घर? ऊठ, चुलीवर आधण ठेव." मी उठून आधण ठेवलं.

त्यांनी ठरवलं. आता तुम्ही ठरवा. तुमच्या मनात किंतु आला तर तसं स्पष्ट लिहावं, गोड शब्दांत गुंडाळू नये. त्या माणसांचं तुम्ही ऐकून घेता, जी समुद्राकडं बघून सांगतात. मी चुलीकडं बघून सांगितलं असतं. तुम्ही कधी विचारलं असतंत तर.

आपली, जशी आहे तशी,
बजा


श्री

सोलापूर,
मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

दंडवत. इकडं सर्व खुशाल. आत्याबाईंनी हुरड्याची आठवण काढली, पण यंदा हुरडा कुठला? जिथं ज्वारी आहे तिथं ती वीतभर वाढून वाळली.

तुमचं पत्र काल आलं. मी ते एकटीनं वाचलं, विजूला दिलं नाही. "किंतु" या शब्दावर तुम्ही रागावलात, ते बरं वाटलं. तुम्ही ती ओळ काढून टाकलीत आणि त्या जागी काही लिहिलं नाहीत, जागा तशीच मोकळी ठेवलीत, हेही बरं वाटलं. रजा मिळाली की येता, पौषाच्या आत येता, हे आत्याबाईंना सांगितलं. तेव्हापासून त्या रस्त्यावरच्या प्रत्येक टांग्याकडं बघतात.

मग पुढची ओळ वाचली. माझं पत्र तुम्ही मोंघीबेनला वाचून दाखवलंत. तिच्या भाषेत, सगळं, वेणीसकट.

मला आधी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. रात्री जेवण गेलं नाही मला. जे मी आत्याबाईंना गहू निवडताना सांगितलं, माझ्या पोटच्या पोरीला अजून सांगितलं नाही, ते त्या देवळाच्या ओवरीत तुम्ही दोघं बसून ऐकत होता. ती रडली, असं लिहिलंत. रडू दे. तिचं घर गेलंय, नवरा गेलाय, तिला रडायचा हक्क आहे. पण माझ्या धाकटीवर रडायचा पहिला हक्क तुमचा होता आणि तुम्ही तो वाटून टाकलात.

आणि ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "ते नानी छोकरीनुं नाम शुं हतुं?" त्या धाकट्या पोरीचं नाव काय होतं? तुम्हाला सांगता आलं नाही. म्हणून आता तुम्ही मला विचारताय. इतिहासाच्या त्या मोकळ्या जागेत ते नाव घालावं, असंही तुमच्या मनात आहे.

प्रश्न तिचा आहे हे तुम्ही लपवलं नाहीत, त्याबद्दल तुमच्यावर रागावता येत नाही. तिच्यावरही येत नाही. इतक्या वर्षांत हे विचारणारी ती एकटीच. तेवढ्यासाठी तिला माझा नमस्कार सांगा. तिचं छप्पर होईपर्यंत तिला उघड्यावर सोडून निघू नका, चार दिवस उशीर झाला तरी चालेल. हे मी मनापासून लिहितेय, दात खाऊन नाही. थोडे खाल्ले असतील.

पण नाव मी लिहिणार नाही. कागदावर घातलं की तुम्ही ते तिला वाचून दाखवाल, साहेबांना दाखवाल, विजू ते टपोऱ्या अक्षरात काढेल. तुमच्या छप्पनियात तिची जागा मोकळीच राहू द्या. कित्येकांची तशीच आहे.

तुम्ही घरी या. हातपाय धुवा, ज्वारीची भाकरी खा. मग चुलीपाशी पाटावर बसा, वही आणू नका, आणि तुम्ही स्वतः मला विचारा. आईनं ते नाव पुन्हा घेतलं नाही, मीही घेतलं नाही. घेईन तेव्हा ते तुम्हाला एकट्यालाच ऐकू येईल एवढ्या आवाजात घेईन.

तुमची बायको आणि धाकटीची थोरली बहीण,
बजा